बोल्ट जड जातोय? आधी ठरवा: बार उडण्याआधी की नंतर

घरी भरलेलं काडतूस रायफलच्या चेंबरमध्ये सरकवलं, ते मागून बंद करणाऱ्या बोल्टची मूठ खाली दाबायला गेलो आणि अर्ध्यावर हाताला काहीतरी लागलं. हा अनुभव काडतुसं भरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. त्यावर बहुतेक जण दोन गोष्टी करतात. रेंजवर असतील तर तळहाताने मूठ दामटतात आणि घरी आले की साइझिंग डाय (झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) आणखी खाली फिरवतात. पहिली गोष्ट धोक्याची आहे. दुसरी कधी बरोबर ठरते, कधी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. बोल्ट जड जायला निदान आठ-दहा वेगवेगळी कारणं असतात आणि डाय खाली फिरवणं हा त्यांतल्या एका-दोघांवरचाच उपाय आहे.

आधी कायद्याबद्दल. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे तिथे बसून हे करू नका. मी अमेरिकेत राहतो. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायची असतील तर लागतो. हरणाच्या हंगामासाठी किंवा रेंजवरच्या नेमबाजीसाठी इथे जे मराठी लोक स्वतः भरतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दारू किती भरायची याचा एकही आकडा इथे देणार नाही. तो छापील लोड मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

उदाहरणादाखल .३०८ विंचेस्टर घेऊ. १९५२ साली बाजारात आलेलं हे काडतूस बहुतेकांच्या घरात असतं. इतर बाटलीच्या आकाराच्या काडतुसांना तर्क हाच लागू पडतो, आकडे तेवढे बदलतात.

शब्द आधी जुळवून घेऊ. पुंगळी म्हणजे पितळेची रिकामी केस. तिच्या खालच्या जाड भागाला बूड म्हणू, वर निमुळत्या होणाऱ्या उताराला खांदा आणि गोळी धरणाऱ्या नळीला मान. बुडात बसणारी, ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आणि त्यावर आपटणारी बोल्टमधली सुई म्हणजे फायरिंग पिन. मापं इंचात आहेत. इंचाच्या हजाराव्या भागाला लेथवर काम करणारे थाऊ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. आपलं सगळं भांडण त्याहून कमी जागेत चालतं.

कोणत्या क्षणी जड जातं?

कुठलंही साधन हातात घेण्याआधी हे ठरवा. चार प्रकार आहेत.

रायफल पूर्ण रिकामी असताना, चेंबरमध्ये काहीच नसतानाही बोल्ट जड जात असेल, तर काडतुसाचा काही दोष नाही. लग्जवर (बोल्टला बंद जागी अडकवून धरणाऱ्या दातांवर) ग्रीस नाही, लग्ज बसतात त्या खाचेत वाळू किंवा पितळेचा कीस साचला आहे, किंवा लग्जचा धातू एकमेकांवर घासून खरवडला गेला आहे. शिवाय बहुतेक आधुनिक बोल्टमध्ये मूठ उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते, तेवढा जडपणा असणारच. बोल्ट बाहेर काढा, चिंधीने पुसा, खाचा साफ करा, लग्जच्या मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

साइझ केलेली रिकामी पुंगळी घातल्यावर बोल्ट जड बंद होत असेल, तर दोष साइझिंगमध्ये किंवा पुंगळीच्या लांबीत आहे. रिकामी पुंगळी सहज बसते पण गोळी बसवल्यावर जड जातं, तर दोष गोळी बसवण्याच्या पायरीत आहे. आणि बोल्ट सहज बंद होतो, बार उडतो, मग मूठ उचलताना जोर लागतो, तर तिथेच थांबायचं. हे दाबाचं लक्षण असू शकतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, पण त्या दिवशी त्या डब्यातली आणखी एकही गोळी झाडू नका.

तपासणीची तयारी

घरच्या टेबलावर जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालून पाहायचं नाही. कितीही अनुभव असला तरी नाही. तपासणी एकतर रिकाम्या पुंगळीवर होते, नाहीतर डमीवर: प्रायमर नाही, दारू नाही, फक्त पुंगळी आणि गोळी. डमी बनवली की तिच्या बुडावर लाल मार्करने फुली मारा आणि ती जिवंत काडतुसांच्या टेबलावर ठेवूच नका.

यानंतरच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी खीळ) काढण्याचा. डोळ्यांवर चष्मा हवा, दोन्हींच्या मागे दाबलेली स्प्रिंग असते. त्या निघाल्या की बोल्टला स्वतःचं असं काही म्हणणं उरत नाही, हाताला लागेल ते फक्त पुंगळीचं. रेमिंग्टन ७०० सारख्या अनेक बोल्टमध्ये रिकाम्या चेंबरवर मूठ आपल्या वजनानेच खाली पडते. पुंगळी घालून ती कुठे अडकते ते पाहायचं. काही बनावटींमध्ये मूठ आपोआप पडत नाही. तिथे करंगळीने दाबा, मुठीत धरू नका. करंगळीला दोन थाऊ कळतात, मुठीला दहाही कळत नाहीत.

चेंबरही साफ हवं. मान जिथे संपते तिथे कार्बनचं कडं साचतं, साध्या ब्रशने ते निघत नाही, कार्बन विरघळवणारं द्रव लावून काही वेळ थांबावं लागतं. एक सोपी परीक्षा: झाडलेल्या, साइझ न केलेल्या पुंगळीच्या मानेत नवी गोळी बोटाने सोडून पाहा. ती आत सरकायला हवी. सरकत नसेल तर मानेला चेंबरमध्ये फुगायला जागाच मिळत नाही. कारण कार्बन असेल, मानेचं पितळ जाड असेल किंवा चेंबरच अरुंद कापलेलं असेल. यांतलं काहीही असलं तरी बार उडताना मान गोळी सोडणार नाही आणि दाब चढेल. ते सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खांदा: नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि अर्धे इथेच चुकतात

बाटलीच्या आकाराचं काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर टेकतं. बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या एका ठरलेल्या व्यासापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ मध्ये तो व्यास .४०० इंच आहे. हे तपासायचा गो गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा) १.६३० इंचाचा, नो-गो (ज्यावर बंद होऊ नये) १.६३४ चा. म्हणजे दोन्ही गेजमध्ये फरक अवघा चार थाऊ.

बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरचा आकार घेते, मग पितळ थोडं मागे येतं. पुन्हा वापरताना तिचा खांदा चेंबरच्या मापाहून एक-दोन थाऊ मागे ढकलायचा. बोल्ट रायफलला तेवढं पुरतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट स्वतःच्या झटक्याने बंद होतो, तिथे तीन ते पाच ठेवतात.

डाय अर्धवट खाली असताना ती पुंगळीचं पोट दाबते, पण खांद्याला टेकत नाही. दाबलेलं पितळ जाणार कुठे? ते वर सरकतं आणि खांदा पुढे जातो. म्हणजे अर्धवट साइझ केलेली पुंगळी झाडलेल्या पुंगळीपेक्षाही लांब होते! लोक म्हणतात, ‘साइझ केली तरी जड जाते.’ ती साइझ केल्यामुळेच जड जाते. अगदी पहिल्यांदा मी कंपॅरेटरवर (खांद्यापर्यंतचं माप घ्यायला कॅलिपरला लावायच्या जोडावर) हे पाहिलं तेव्हा मला मोजण्यात चूक झाली असं वाटलं होतं. त्याच पुंगळ्या तीनदा मोजल्या. आकडा तोच.

आता पायऱ्या.

१. झाडलेल्या पाच पुंगळ्यांचे प्रायमर वेगळ्या डिकॅपिंग डायने काढा. बार उडताना प्रायमर किंचित बाहेर येऊ शकतो आणि मग मोजमाप खोटं येतं. कॅलिपरला कंपॅरेटर लावून खांद्यापर्यंतचं माप घ्या आणि पाचांतलं सगळ्यात लांब माप वहीत लिहा. कंपॅरेटरचा आकडा छापील मापाशी जुळला नाही तर घाबरू नका, आपल्याला फरक हवा आहे. पुंगळी एकदाच झाडलेली असेल तर ती चेंबर पूर्ण भरत नाही, त्यामुळे दोन-तीनदा झाडलेल्या पुंगळ्यांवर जास्त विश्वास ठेवा.

२. पुंगळीला बाहेरून मेण किंवा लॅनोलिनचा पातळ हात द्या, मानेच्या आतही थोडं लावा. मान कोरडी असेल तर डायमधला, मान आतून रुंद करणारा एक्सपांडरचा गोळा वर येताना ती ओढतो आणि नुकता मागे गेलेला खांदा पुन्हा पुढे येतो. खांद्यावर मात्र वंगण साचू देऊ नका, खड्डे पडतात.

३. प्रेसचा दांडा वर नेऊन डाय शेल होल्डरपासून (दांड्यावर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्यापासून) नाण्याच्या जाडीइतकी वर ठेवा. पुंगळी साइझ करा, पुसा, मोजा. माप वाढलेलं दिसेल. ते दिसलं म्हणजे आपण योग्य बाजूने सुरुवात केली.

४. आता डाय थोडी थोडी खाली आणा. डायला दर इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला ती साधारण ७१ थाऊ उतरते. अष्टमांश फेरा म्हणजे जवळजवळ ९ थाऊ. म्हणून पुस्तकातलं ‘शेल होल्डरला टेकल्यावर आणखी पाव फेरा’ हे वाक्य प्रत्येक रायफलला डोळे झाकून लावू नये. मी डायच्या डोक्याकडे घड्याळाची तबकडी म्हणून बघतो: एक मिनिट सरकवलं की साधारण सव्वा थाऊ. सुरुवातीला पाच-पाच मिनिटं सरकवा, माप झाडलेल्या पुंगळीच्या जवळ आलं की एक-एक.

५. प्रत्येक वेळी पुंगळी पुसून चेंबरमध्ये घाला आणि मूठ सोडा. आधी ती अर्ध्यावर थांबेल. मग तळाशी येताना किंचित घट्ट लागेल. मग एका पुढच्या मिनिटाला ती आपल्या वजनाने पडेल. तिथे कंपॅरेटर बहुधा एक ते दोन थाऊचा फरक दाखवतो. हात आणि आकडा दोघांचं एकमत झालं की थांबा.

६. पुंगळी डायमध्ये असताना, प्रेसवर ताण असतानाच लॉकनट पान्याने आवळा. डायवर आणि प्रेसवर मिळून मार्करने एक रेघ ओढा.

एवढं करूनही दहातल्या दोन पुंगळ्या जड जात असतील तर पितळाकडे पाहा. अनेकदा झाडून कडक झालेलं पितळ दाबल्यावर जास्त उसळी घेतं. दांडा वर असताना चार-पाच सेकंद थांबा, पुंगळी अर्धी फिरवून पुन्हा एकदा साइझ करा. फरक पडला तर त्या पुंगळ्यांची मान आणि खांदा ॲनील करायची, म्हणजे तापवून मऊ करायची, वेळ आली आहे. ॲनील करताना बूड तापता कामा नये, मऊ पडलेलं बूड फुटतं.

डाय शेल होल्डरला पूर्ण टेकली, दोघांमध्ये फटही नाही, तरी खांदा मागे जात नाही, असंही होतं. चेंबर किमान मापाचं आणि डाय जराशी उंच अशी जोडी जमली की हे घडतं. शेल होल्डरची वरची बाजू सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश कागदावर घासून दोन-तीन थाऊ कमी करता येते. तो शेल होल्डर वेगळा ठेवा आणि त्यावर रायफलचं नाव लिहा.

अति खाली ढकललं तर

जडपणाला कंटाळून डाय तळापर्यंत पिळणारे बरेच भेटतात. बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि माणूस खूश होतो. पण खांदा आठ-दहा थाऊ मागे गेला की प्रत्येक बाराला पितळ तेवढं ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर, आतल्या बाजूने, भिंत पातळ होत जाते. .३०८ ची कमाल दाबमर्यादा ‘सामी’ या अमेरिकी शस्त्र-उत्पादकांच्या मानक संस्थेनुसार ६२,००० पीएसआय आहे. तो वायू फुटलेल्या पुंगळीतून मागे येतो तेव्हा समोर नेमबाजाचा चेहरा असतो.

एक पेपरक्लिप सरळ करा, टोकाला काटकोनात छोटा आकडा वळवा, टोक कानशीने अणकुचीदार करा. पुंगळीच्या आत घालून भिंतीवरून बुडापासून वर ओढा. चांगल्या पुंगळीत ती गुळगुळीत सरकते. पातळ झालेल्या पुंगळीत बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर टोक एका खळगीत पडतं, नखाला जाणवावं तसं. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडंही दिसतं. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकूनही परत वापरात येणार नाही.

खांदा बरोबर आहे, तरी जड

अशा वेळी पुंगळी बोलते, पण तिला काळं करावं लागतं. पूर्ण पुंगळीला काळ्या मार्करचा हात द्या, वाळू द्या, चेंबरमध्ये घालून बोल्ट हळू बंद करा, उघडा. जिथे घासलं तिथे पितळ चमकेल. मेणबत्तीची काजळीही चालते, पण ती बोटालाही लागते.

बुडाच्या जरा वर, चहूबाजूंनी कडं चमकलं तर बूड जाड आहे. याची हाताला कळणारी खूण म्हणजे मूठ पूर्ण वर आल्यावर शेवटी बसणारा ‘टक्’. तिथे बोल्ट पुंगळीला पहिला हिसका देऊन चेंबरमधून सुटी करतो, आणि बूड धरून बसलेलं असलं की तो हिसका जाणवतो. रेंजवर गोळा केलेलं दुसऱ्याच्या रायफलचं पितळ, मशीनगनमधून झाडलेलं लष्करी पितळ, किंवा डाय बुडापर्यंत नीट न पोहोचणं ही नेहमीची कारणं. स्मॉल-बेस डाय एखाद-दोन थाऊ जास्त दाबते, ती वापरा. मात्र तुमच्याच लोडने बूड फुगत असेल तर डाय बदलून उपयोग नाही, लोड जास्त आहे.

चमक फक्त मानेच्या तोंडाशी असेल तर लांबी मोजा. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, कापून २.००५ वर आणतात. लांब मान चेंबरच्या टोकाला जाऊन गोळीवर आवळली जाते आणि दाब एकदम वाढतो. बोल्ट जरा जोराने बंद झाला म्हणून हे दुर्लक्षित राहतं, त्यामुळे मला हे सगळ्यात दगाबाज कारण वाटतं.

कुठेच चमक नाही? मग पुंगळीच्या कडेवर नख फिरवा. इजेक्टरने किंवा जमिनीवर आपटून कडेला उठलेला बारीक काटा बोल्टच्या तोंडाशी अडतो. बारीक कानशीचा एक हलका फेरा पुरतो.

प्रायमरही पाहा. तो बुडाच्या पातळीखाली तीन ते पाच थाऊ हवा. वर राहिलेला प्रायमर बोल्टला अडवतो, आणि एम१ गॅरंडसारख्या सुट्या फायरिंग पिनच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो बोल्ट बंद होतानाच पेटू शकतो. भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायची सवय लावा.

गोळी बसवल्यावरच जड जात असेल

बहुतेक सीटिंग डायमध्ये (गोळी बसवणाऱ्या साच्यात) क्रिम्पची, म्हणजे मान गोळीवर आवळणारी, कडा असते. डाय जास्त खाली असली तर ती मानेला खाली दाबते आणि खांदा फुगतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. मार्कर लावलेल्या डमीवर खांद्याच्या खालच्या कोपऱ्याला चमक दिसली की हेच समजा. डायचं अंग एक पूर्ण फेरा वर घ्या आणि गोळीची खोली फक्त वरच्या दांड्याने जुळवा.

गोळीच्या उतारावर एकसारख्या अंतराने छोटे चौकोनी ठसे उमटले असतील तर ती बॅरलच्या लँड्समध्ये (आतल्या उंच पट्ट्यांमध्ये) जाऊन बसते आहे. छापील कमाल लांबी २.८१० इंच पाळूनही हे होऊ शकतं, कारण प्रत्येक गोळीचा उतार वेगळा. ठसे दिसेनासे होईपर्यंत गोळी आत घ्या, मग आणखी २० थाऊ. शिकारीच्या काडतुसात हे विशेष पाळा. जंगलातून परतताना बोल्ट उघडला आणि गोळी बॅरलमध्येच अडकून राहिली, तर पुंगळीतली सगळी दारू रायफलच्या यंत्रणेत सांडते.

बार उडाल्यावर मूठ उचलत नाही

इथे साइझिंगचा विचार बाजूला ठेवा. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा, सपाट झालेला किंवा पिनभोवती कडं उठलेला प्रायमर, पुढच्या वेळी प्रायमर सैल बसणं, यांतलं काहीही सोबत असेल तर दाब जास्त झाला आहे. एकट्या प्रायमरवरून निर्णय करू नका, तो काही रायफलींमध्ये साध्या लोडलाही विचित्र दिसतो. पण जड मूठ आणि बुडावर ठसा ही जोडी दिसली की शंका उरत नाही.

कारणं शोधताना शेवटी काय बदललं ते आठवा. दारूचा नवा डबा, वेगळ्या कंपनीची गोळी, जाड भिंतीचं लष्करी पितळ ज्यात आत जागा कमी असते, भर उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला डबा, तापलेल्या चेंबरमध्ये पाच-दहा मिनिटं राहिलेलं काडतूस, पावसाने किंवा तेलाने ओलं चेंबर. पुसायचं राहून गेलेलं साइझिंगचं वंगणही यात धरा: तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. उरलेली काडतुसं बुलेट पुलरने उघडा आणि मॅन्युअलच्या सुरुवातीच्या लोडपासून पुन्हा वर चढा. काहीही एक घटक बदलला की हेच.

जिवंत काडतूस अडकलं तर

रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि बोट ट्रिगरपासून दूर. चाप ओढूनही बार उडाला नसेल तर तसंच धरून किमान एक मिनिट थांबा, उशिरा पेटणारा प्रायमर असू शकतो. मग एकदाच, साध्या हाताच्या जोराने मूठ उचलून पाहा. नाही उचलली तर हातोडी, लाकडी ठोकळा, बुटाची टाच यांतलं काहीही नको, आणि तोंडाकडून रॉड घालून काडतूस ढकलणं तर मुळीच नको. रेंज ऑफिसरला बोलवा आणि तिथून पुढे गनस्मिथ. अडकलेली वस्तू डमी किंवा रिकामी पुंगळी आहे याची शंभर टक्के खात्री असेल तरच रॉड वापरायचा.

घरी आल्यावर त्या डब्यातली सगळी काडतुसं मोजा: एकूण लांबी, मानेची लांबी, खांदा, प्रायमर. डब्यावर पितळ कितव्यांदा वापरलं, खांदा किती थाऊ मागे नेला, कोणत्या रायफलसाठी भरलं आणि तारीख लिहिलेली असेल तर दोष दहा मिनिटांत सापडतो. लिहिलेलं नसेल तर एकेक काडतूस उघडावं लागतं. माझ्या .३०८ च्या प्रत्येक डब्यात आता एक चिठ्ठी असते, आणि तिच्यावरची पहिली ओळ झाडलेल्या पुंगळीच्या खांद्याचं माप असते.